पोरांच्या हाती फोन देताना: कुंपण कोणतं आणि कुठवर पुरतं?



गटाची बैठक असो की हळदीकुंकू, हल्ली एक विषय निघतोच. पोरं आणि फोन. कुणी म्हणते, अभ्यासाला म्हणून घेतो आणि तासभर व्हिडिओच बघत बसतो. कुणी म्हणते, हातात फोन दिल्याशिवाय घासच उतरत नाही. मग हळूच आवाज खाली करून कुणीतरी विचारते, “नको ते काही बघत असेल का गं?”

आज आपण याच प्रश्नावर बोलणार आहोत. मुलं इंटरनेटवर जातात तेव्हा त्यांच्याभोवती कुंपण घालायची साधनं मिळतात, त्यातली बरीच फुकट आहेत. त्यातलं कोणतं निवडायचं, ते कसं लावायचं आणि ते कुठे अपुरं पडतं, हे एकेक करून बघू. शक्य असेल तर फोन हातात घेऊनच ऐका.

फोन काढून घेतला की झालं का?

पहिला उपाय सगळ्यांना हाच सुचतो. पण शाळेच्या पुस्तकांत चौकोनी क्यूआर कोड छापलेले असतात. फोनवर दीक्षा ॲप उघडून तो कोड दाखवला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव समोर येतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, दहावी-बारावीचा निकाल, कॉलेजचा प्रवेश, सगळं फोनवर आलं आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरात फोन नव्हता, त्या घरातली पोरं कशी मागे राहिली, हे आपण डोळ्यांनी बघितलं आहे.

दुसरी गोष्ट आपल्या बायकांच्या जास्त जिव्हाळ्याची आहे. घरात फोनवरून काही झालं की आधी फोन जातो तो मुलीचा. तिची काही चूक नसली तरी. कुणी अनोळखी माणसाने तिला घाण मेसेज पाठवला, तर शिक्षा तिलाच. फोन बंद, क्लास बंद, आणि काही घरांत तर लग्नाचंच बघायला सुरुवात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, तेव्हा देशभरात शंभरातल्या ५४ जणींकडेच स्वतः वापरायला फोन होता, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या तर शंभरात ३३ च होत्या. मोठ्या कष्टाने आपल्या हातात आलेली ही गोष्ट भीतीपोटी आपल्याच लेकींच्या हातून काढून घ्यायची का, याचा विचार करायला हवा.

म्हणून कुंपण निवडताना आम्ही दोन गोष्टी बघतो. त्याने घाण बाहेर राहते का? आणि ते लावल्यावरही मूल आपल्याशी मोकळेपणाने बोलेल का? दुसरी गोष्ट गेली, तर पहिलीचा फारसा उपयोग होत नाही.

आधी बघा, फोन कुणाचा आहे

बाजारातली बहुतेक साधनं आईचा फोन वेगळा आणि मुलाचा वेगळा असं धरून बनवलेली असतात. आपल्याकडे तसं नसतं. एकच फोन असतो. सकाळी तो मालकांच्या खिशात, दुपारी आपल्याकडे, संध्याकाळी पोरांकडे. त्यातच बँकेचे मेसेज येतात, त्यातच गटाचे पैसे पाठवायचं ॲप असतं. त्यामुळे शहरातल्या बाईला चालणारं साधन आपल्याला चालेलच असं नाही. आपण तीन प्रकारची घरं धरू. एक, सगळ्यांत मिळून एकच फोन. दोन, जुना फोन मुलाला वापरायला दिलेला. तीन, कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे स्वतःचा फोन.

एकच फोन असेल तर

सगळ्यात सोपं आणि कमी माहिती असलेलं साधन फोनमध्येच असतं. त्याला ‘ॲप पिनिंग’ किंवा ‘स्क्रीन पिनिंग’ म्हणतात. पिन टोचून कागद भिंतीला अडकवावा, तसं एक ॲप पडद्यावर अडकवून ठेवायचं. मग मुलाला त्या ॲपच्या बाहेर जाता येत नाही. फोटो, व्हॉट्सॲप, पैशांचं ॲप, सगळं दाराआड राहतं. याला इंटरनेट लागत नाही की पैसे लागत नाहीत.

फोनच्या सेटिंगमध्ये वर शोधायची जागा असते. तिथे ‘पिन’ हा शब्द इंग्रजीत टाका, म्हणजे पी, आय, एन. ॲप पिनिंग दिसलं की चालू करा. खाली आणखी एक बटण असतं, पिन सोडताना फोनचा लॉक विचारायचा की नाही याचं. तेही चालू करा, नाहीतर पोरगं दोन मिनिटांत बाहेर येईल. मग दीक्षा उघडा, उघडलेल्या ॲपची यादी दाखवणारं बटण दाबा, ॲपच्या चिन्हावर बोट ठेवा आणि ‘पिन’ निवडा. फोनच्या कंपनीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे असते, पण बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय आहे.

एक ध्यानात ठेवा. फोनचा लॉक आणि पैसे पाठवायचा यूपीआय पिन एकच ठेवू नका. लॉकचा नंबर पोरांना कधी ना कधी कळतोच.

पिनिंगने मूल ॲपच्या बाहेर जात नाही, पण ॲपच्या आत काय दिसेल त्यावर त्याचा ताबा नाही. यूट्यूब अडकवून दिलं तर आत यूट्यूबवरचं सगळंच आलं. शिवाय यूट्यूब आधी काय बघितलं त्यावरून पुढचं सुचवतं. रात्री घरातल्या मोठ्या माणसाने जे बघितलं, त्याचाच भाऊबंद सकाळी सात वर्षांच्या पोरासमोर येतो. पोराने शोधलेलं नसतं, ते आपोआप आलेलं असतं. त्यामुळे त्याच्यावर डोळे वटारण्याआधी हे आठवा.

लहान मुलांसाठी ‘यूट्यूब किड्स’ हे वेगळं, फुकट ॲप आहे. त्यात चार वर्षांपर्यंतची, पाच ते आठ वर्षांची आणि नऊ ते बारा वर्षांची असे वयाचे गट निवडता येतात. मुलाला स्वतः शोधता येणार नाही असं करता येतं. आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसावेत अशीही सोय आहे. वीस मिनिटांची वेळ लावली की वेळ संपल्यावर ॲप स्वतःच थांबतं, मग “बंद कर” म्हणून आपल्याला ओरडावं लागत नाही. तरीही चाळणीतून एखादा खडा निसटतोच. आपण स्वयंपाक करताना फोन कानावर पडेल इतक्या अंतरावर असू द्या, आणि मधूनमधून डोकावा.

सगळ्या घरासाठी एक कुंपण

आता ब्राउझरकडे येऊ. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवर जायचं दार. बहुतेक फोनमध्ये ते ‘क्रोम’ असतं. या दारावर दोन गोष्टी लावता येतात.

पहिली ‘सेफसर्च’. गूगलवर काही शोधलं की घाणेरडी चित्रं गाळून टाकणारी ही चाळणी. गूगलमध्ये सेफसर्च असं शोधून तिच्या सेटिंगमध्ये गेलात की तीन पर्याय दिसतात: गाळा, धूसर करा, बंद. त्यातलं गाळणारं, म्हणजे ‘फिल्टर’ निवडा. ही फक्त गूगलच्या शोधापुरती आहे. कुणी थेट त्या साइटचा पत्ता टाकला तर ती अडवत नाही.

त्यासाठी दुसरी गोष्ट, ‘प्रायव्हेट डीएनएस’. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. परगावचा माणूस एसटी स्टँडवर उतरला की टपरीवाल्याला पत्ता विचारतो. फोनही तसंच करतो. आपण साइटचं नाव टाकलं की तो आधी कुणाला तरी तिचा पत्ता विचारतो. हा पत्ता सांगणारा आपल्याला बदलता येतो. आपण असा टपरीवाला निवडायचा, जो शाळेचा रस्ता सांगेल पण गुत्त्याचा रस्ता विचारला तर “माहीत नाही” म्हणेल. क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीने २०२० पासून घरांसाठी अशी फुकट सेवा ठेवली आहे. ती अश्लील साइट आणि फोनला धोका करणाऱ्या साइट अडवते.

अँड्रॉइड ९ किंवा त्यानंतरच्या फोनमध्ये हे करता येतं. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा. त्यात तीन पर्याय असतात: बंद, आपोआप, आणि स्वतः नाव लिहा. तिसरा निवडून पुढचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा. आम्ही सावकाश सांगतो, वहीत उतरवून घ्या. एफ, ए, एम, आय, एल, वाय. मग टिंब. मग सी, एल, ओ, यू, डी, एफ, एल, ए, आर, ई. मग आडवी छोटी रेघ. मग डी, एन, एस. मग टिंब. शेवटी सी, ओ, एम. सेव्ह करा. मोबाईलचा डेटा असो की वायफाय, क्रोम असो की दुसरा ब्राउझर, हे कुंपण सगळीकडे चालतं. अक्षर चुकलं तर नेट चालणार नाही. घाबरू नका, पर्याय परत ‘आपोआप’वर न्या आणि नाव पुन्हा तपासून लिहा.

ही सेवा व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ अडवू शकत नाही, कारण व्हॉट्सॲपच्या आत तिला दिसतच नाही. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामच्या आतलंही तसंच. आणि जो सेटिंगमध्ये जाऊ शकतो तो हे काढूही शकतो. लहान मुलांसाठी हे पुरेसं आहे. चुकून नको त्या पानावर जाणं यामुळे पुष्कळ कमी होतं.

तिसरी गोष्ट प्ले स्टोअरची. तिथे वर उजवीकडे आपल्या नावाचं किंवा फोटोचं गोल चिन्ह असतं. ते दाबून सेटिंग, मग फॅमिली, मग पॅरेंटल कंट्रोल. इथे वेगळा पिन ठेवून वयाची मर्यादा लावता येते. मग त्या वयाला न शोभणारं नवीन ॲप मुलाला घेता येत नाही. आधीपासून फोनवर असलेली ॲप मात्र आपली आपणच बघून काढायची. खेळात पैसे कापले जाऊ नयेत म्हणून खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारायची सोयही तिथल्याच सेटिंगमध्ये आहे.

मुलाकडे वेगळा फोन असेल तर

इथे गूगलचं ‘फॅमिली लिंक’ हे ॲप कामाला येतं. तेही फुकट. ते आपल्या फोनवर घ्यायचं आणि मुलाच्या खात्याशी जोडायचं. मग मुलाने नवीन ॲप मागितलं की परवानगी आपल्या फोनवर येते. दिवसाला किती वेळ, रात्री किती वाजता फोन बंद, हे आपण ठरवतो. क्रोममध्ये तर तीन पायऱ्या आहेत: सगळ्या साइट खुल्या, अश्लील साइट अडवण्याचा प्रयत्न, किंवा आपण मंजूर केलेल्याच साइट. पहिली-दुसरीच्या पोराला तिसरी पायरी ठीक. सातवीच्या पोराला तीच लावली तर त्याचा अभ्यास अडेल, त्याला मधली बरी.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी हे विशेष सांगतो. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप कारखान्यावर जातात, पोरं आजीजवळ राहतात. आजीला फोनमधलं कळत नाही, पोरांना सगळं कळतं. फॅमिली लिंक दूर कोपीवर बसूनही चालतं. फक्त दोन्ही फोनला नेट हवं. पण जाण्याआधी आजीलाही सांगून जा, की रात्री फोन का बंद होतो. नाहीतर पोरगं आजीला म्हणेल, फोन बिघडला.

यात एक अडचण वारंवार दिसते. मुलाचं खातं काढताना त्याची जन्मतारीख खोटी टाकलेली असते. दुकानदार म्हणतो, “वय कमी दाखवलं तर खातं निघत नाही, मोठं टाकतो.” नऊ वर्षांचं पोरगं इंटरनेटच्या हिशोबी पंचवीस वर्षांचं होतं. मग लहान मुलांसाठीची एकही चाळणी त्याला लागत नाही, जाहिरातीही मोठ्यांच्याच येतात. खातं काढताना खरी तारीख टाका. लहान मुलाचं खातं आई-बापाच्या खात्याला जोडून काढता येतं, त्यासाठीच फॅमिली लिंक आहे. आधीचं खोट्या तारखेचं असेल, तर नवीन काढलेलं बरं.

कुणी नवीन ॲप सुचवलं तर

‘मुलांसाठी सुरक्षित’ अशी पाटी लावलेली कितीतरी ॲप असतात. पाटीवर जाऊ नका. गटात बसून हे पाच प्रश्न विचारा.

एक, ते आलं कुठून? प्ले स्टोअरवरून असेल तर बघू. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून किंवा फाइलवरून असेल तर नको. अशा फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. त्यातून फोनचा ताबाच दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

दोन, ते कशाची परवानगी मागतं? मुलांच्या ब्राउझरला आपले मेसेज वाचायचं काय कारण? बँकेचा ओटीपी मेसेजमधूनच येतो. गटाचं खातं ज्या फोनला जोडलेलं आहे, त्यावर तर ही परवानगी बिलकूल देऊ नका.

तीन, त्यात जाहिराती किती? फुकट खेळाच्या जाहिरातीतूनच पुष्कळदा पोरं भलत्या पानावर पोचतात.

चार, ते आपल्याला काढता येतं का? लावायला दुकानदार लागला आणि काढायलाही तोच लागणार असेल, तर त्या कुंपणाची किल्ली आपल्याकडे नाही.

पाच, मुलाला सांगून लावता येईल असं आहे का? लपून मेसेज वाचणारी, बोलणं ऐकणारी ॲप मिळतात. ती घेऊ नका. आपण वाचू तसं ते दुसरंही कुणी वाचू शकतं. आणि पोरीला कळलं की आई लपून बघते, तर ती पुढचं काहीच सांगायची नाही.

मोठ्या मुलांशी बोलायचं कसं?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कोणतंही कुंपण ओलांडता येतं. आपल्या फोनवर अडवलं तर तो पारावर मित्राच्या फोनवर बघेल. या वयात बोलणं हेच मुख्य साधन. पण आईने मुलाशी असलं कसं बोलावं, हा संकोच सगळ्यांनाच असतो. समोरासमोर बसून प्रवचन देऊ नका. भांडी घासताना, शेंगा फोडताना, शेतात जाता जाता दोन वाक्यं बोला. “फोनवर कधी कधी असलं काही येतं की बघून कसंतरी होतं. तुला आलं तर मला सांग. मी रागावणार नाही आणि फोनही काढून घेणार नाही.”

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि ते पाळावं लागतं. मुलांना फसवणारा माणूस याच भीतीवर जगतो. आधी गोड बोलतो, फोटो मागतो, मग म्हणतो, “घरी सांगितलंस तर बघ.” पोरगी गप्प बसते, कारण घरी कळलं तर शाळा बंद होईल हे तिला माहीत असतं. तिची ती भीती आपण काढली, तर त्या माणसाची धमकी फुसकी ठरते. हे मुलांनाही सांगा. फोटो मागून धमकावणं मुलग्यांच्याही वाट्याला येतं, आणि ते तर लाजेपोटी आणखीच बोलत नाहीत.

घरातल्या बापांनाही यात घ्या. आईने कष्टाने लावलेलं कुंपण बाबांनी कंटाळून काढून टाकलं, तर पोरं लगेच ओळखतात की इथे कुणाचं चालतं. आणि मोठ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारे घाण व्हिडिओ फोनमध्ये आपोआप साठत असतील, तर आधी ते बंद करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करता येतं. सामायिक फोनमध्ये पोरांना नको ते दिसण्याची ही मोठी वाट आहे.

झालंच काही, तर

आधी मुलाला जवळ घ्या. मग त्या माणसाचं खातं, नंबर, त्याचे मेसेज पुरावा म्हणून राहू द्या. घाईघाईने पुसू नका. नंबर टिपून घेतला की मग त्याला ब्लॉक करा. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. लहान मुलांची तसली चित्रं “बघा काय चाललंय” म्हणून कुणालाही, गटातल्या बाईलाही पुढे पाठवू नका. हेतू चांगला असला तरी तो गुन्हा आहे.

मुलांच्या मदतीसाठी १०९८, तातडीला ११२, आणि ऑनलाईन पैसे गेले असतील तर लगेच १९३०. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते, तिथे बायका-मुलांसाठी वेगळा भाग आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीला किंवा मुलाला कुणी असा त्रास दिला, तर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. त्यात मुलाचं नाव, फोटो, शाळा, घरचा पत्ता छापायला बंदी आहे. “गावात बोभाटा होईल” म्हणून मागे सरणाऱ्या घराला ही गोष्ट जरूर सांगा. तक्रारीला एकटीने जायची भीती वाटत असेल तर गटातल्या दोघीजणी सोबत जा.

पुढच्या बैठकीत करायचं काम

हप्ते गोळा झाले की अर्धा तास काढा. ज्या दोघींना फोनमधलं कळतं, त्यांनी बाकीच्यांच्या फोनवर ॲप पिनिंग चालू करून दाखवावं. मग प्रत्येकीने ते स्वतःच्या हाताने एकदा लावावं आणि सोडवावं. प्रायव्हेट डीएनएसचं नाव गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा. १०९८, ११२ आणि १९३० हे तिन्ही नंबर तिथेच लिहा. आणि बैठकीला मुलींनाही बोलवा. बऱ्याच वेळा फोनमधलं सगळ्यात जास्त त्यांनाच कळतं. त्यांनीच आपल्याला शिकवलं, तर आपण त्यांच्या मागे पहाऱ्याला उभ्या नसून सोबत आहोत, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

करून बघा, आणि कुठे अडलं ते आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या भागात त्यावरच बोलू. नमस्कार.